धाकटीच्या पेशी आणि माझी मिळकत

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा खुर्च्या-सोफ्यांचे गादीकाम, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर सोमवारच्या स्कॅनची वाट पाहून डोके फिरू नये म्हणून लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. एका जागी बसवत नाही, म्हणून अक्षर वाकडेतिकडे आले आहे. ते माझेच समजावे. या आठवड्यात लिहून फाडलेली आधीची चारही मृत्युपत्रे रद्द.

१. दुकान व वरची खोली मुलीला. मात्र माझा कारागीर लंबू याला हवे तितके दिवस तिथे काम करू द्यावे.

२. शिलाई मशीन, वाकड्या सुया, हातोड्या व कात्र्या लंबूला. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. कापतो, मला माहीत आहे.

३. कानाच्या डॉक्टरांना काही नाही. कानाला दडा बसला, नाकातून रक्त आले, तरी आठ महिने ते मळच काढत राहिले. गाठ नाकाच्या मागे होती. अहवालाची एक प्रत त्यांना टपालाने पाठवावी. पुढच्या बाईच्या नाकात निदान दुर्बीण तरी घालतील.

४. धाकट्या बहिणीचे जरा लांबेल.

गाठीत विषाणू सापडला, नागिणीच्या विषाणूच्या घराण्यातला. हे ऐकून धाकटीने तिच्या घरी माझा कप वेगळा ठेवला. मग फोनवर म्हणाली, "पोरंबाळं आहेत गं घरात." दोन वर्षे आम्ही बोललो नाही. किरणे झाली, केमो झाली, गाठ परत आली. मग मोठ्या रुग्णालयात कळले, की त्या विषाणूला नेमके ओळखून त्याने बिघडवलेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत देतात. उपचार अजून चाचणीतला, हमी नाही. माझ्या पेशी वाढल्याच नाहीत. केमोने दमल्या होत्या. सख्ख्या बहिणीच्या जुळतात का पाहू, म्हणाले.

मुलीने मला न विचारता मावशीला फोन केला. धाकटी आली. रक्त तपासून डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "जुळतंय. आणि तोच विषाणू तुमच्यातही आहे, बहुधा लहानपणापासून. बहुतेक सगळ्यांत असतो. तुमच्या पेशी त्याला गप्प बसवतात, म्हणून तर त्या उपयोगाच्या."

धाकटी पांढरीफटक पडली. "म्हणजे ताई, मी उगाचच..."

"उगाचच," मी म्हणाले.

तिने बाही वर केली.

दोनदा तिच्या पेशी मला दिल्या. गाठ अर्धी झाली. आता रोज तिचा फोन. "ताई, काही वाटतंय का?"

"तू फोन ठेवावास असं वाटतंय."

आईची आरामखुर्ची मी भांडून घेतली होती, ती धाकटीला. सगळे माफ केले असे लिहिणार नाही, कारण शपथेवर आहे. माझ्यासाठी गोठवून ठेवलेल्या उरलेल्या पेशी मुळात तिच्याच. त्या दुसऱ्या कोणा रोग्याला द्यायच्या का, ते तिने ठरवावे.

५. सोमवारी काहीही निघो. मी गेले, तर धाकटीच्या पेशी कमी पडल्या असे कोणी म्हणू नये. तीच म्हणू लागली, तर मुलीने तिला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ती रडायची थांबेपर्यंत उठू नये.

साक्षीदारांसमक्ष, उभ्यानेच सही केली.

साक्षीदार:
१. समोरचे चष्मेवाले (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई (सही)

ठिकाण: दुकान
दिनांक: ९ ऑक्टोबर, बुधवार
गादीवाली (सही)