यमुना, शाळेला कुलूप लावायचं म्हणतात

प्रिय यमुना,

हैदराबाद राज्य विलीन होऊन वर्ष झालं. तुला जाऊन त्याहून थोडं जास्त. इतके दिवस लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण उद्या आपल्या पेडगावच्या शाळेबद्दल बैठक आहे आणि काय बोलणार ते आधी ऐकवायला घरात तू नाहीस.

परवा पलीकडच्या गावात कुणीतरी चावडी पेटवली. तेव्हापासून पंच म्हणतात, शाळेच्या खिडक्या विटांनी बुजवा, लोखंडी दार बसवा, मुलं सुटली की कुलूप लावा. म्हणजे तू सुरू केलेला बायकांचा दुपारचा वर्ग बंद!

त्यांची भीती मला कळते. गेल्या वर्षीची ती बंदूकवाली टोळी कोण विसरेल? शाळा-कचेऱ्या जाळत ती इकडे निघाली, तेव्हा मी जिंतूरच्या सभेत गर्जत होतो. इथे तू बायका जमवल्यास. धान्याच्या कणगीचं तोंड लिंपतात तशी शेणमाती कालवून शाळेची दारं-खिडक्या जाड लिंपून काढल्यात. हे तुला सुचलं कसं गं?

टोळी दिसताच बाकीच्या पळाल्या. मागची एक खिडकी राहिली म्हणून तू थांबलीस. ती लिंपून झाली आणि तिथंच तुला गोळी लागली. मग त्यांनी घासलेट ओतलं, पलिते लावले. ओल्या मातीखाली लाकडानं पेट घेतलाच नाही.

एका खिडकीसाठी? यमुना, शाळा पुन्हा बांधता आली असती! सभांमधून मी तुझ्या धैर्याबद्दल बोलतो, टाळ्या पडतात. घरी येऊन मात्र तुझ्याशी भांडतो.

मी पोचलो तेव्हा तुझ्या बोटांवरची माती वाळली होती. ती मीच धुतली.

अजूनही सभेत नजर आधी बायकांच्या बाजूला जाते. भाषण लांबलं की तू खोकायचीस. आता कुणी खोकत नाही, आणि मी बोलतच राहतो.

काल तुझी मैत्रीण सखू दारात येऊन उभी राहिली.

"दाजी, तुमचं तोंड गावोगाव लय चालतंय. जरा आमच्याबी कामाला येऊ द्या की!"

"काय झालं, सखू?"

"यमुनाक्कानं शाळा लिंपली ती कशापायी? आमी आत बसावं म्हनूनच ना? आन् हे आमालाच भाईर काढायलेत. मला आत्ता कुठं नाव लिहायला येतंय. नवऱ्याचं तर अजून राह्यलंय!"

मी हसलो.

भीतीनं कुलूप घातलेली शाळा त्या टोळीनं न जाळताच जिंकली, हे मी उद्या पंचांच्या तोंडावर सांगणार आहे. विचारतील, राखण कोण करणार? घरटी एक माणूस, पाळीपाळीनं. पहिली पाळी माझी.

यमुना, एवढा शब्द देतो. मी काठी घेऊन ओट्यावर बसेन आणि आत बायका मोठ्यानं वाचतील. त्यात माझे कान तुझा आवाज शोधतील, तो सापडणार नाही. तरी वर्ग सुटेपर्यंत मी जागचा उठणार नाही.

तुझाच,
माणिक