चिंगलानचे दोनशे डबे

४ मार्च, सोमवार

मामाशी भांडलो! "चिंगलानचा शेअर घेतोस? आ-त्सोंग, कॉलेज अर्धवट सोडलंस, डोकंही तिथेच ठेवून आलास का?" म्हणे, चिंगलान बनवते तसल्याच कॉम्प्युटरच्या चिप चीनवाले निम्म्या भावात विकतायत. चिंगलानने कामाअभावी दोन यंत्रं बंद ठेवलीत — पेपरात आलंय.

पेपरवाल्यांनी कधी चिंगलानला डबे पोचवलेत? मी पोचवतो. मामाच्या खानावळीतून, रोज. जानेवारीत शंभर जायचे. आज एकशे साठ! जेवायला गेटबाहेर पडायचीही सवड नाही, म्हणजे आत कामाचा ढीगच असणार. एवढं साधं कुणाला कळत नाही!

५ मार्च, मंगळवार

डबे उतरवून घ्यायला चिंगलानमधली युन-शी आली. सगळ्यांची नावं लिहून ऑर्डर तीच देते. म्हणाली, "केस बघ तुझे, नुसतं घरटं!" आमच्या शिनचू शहराच्या वाऱ्यात कुणाचे विस्कटत नाहीत? पण तिला माझेच दिसले!!

७ मार्च, गुरुवार

एकशे ऐंशी! सक्तीच्या सैन्यसेवेच्या दिवसांत साठवलेले सगळे पैसे घातले. हजार शेअर. युन-शी कंपनीत, आणि मी तिचा मालक — म्हणजे कंपनीचा. थोडासा.

१२ मार्च, मंगळवार

डबे दोनशे. शेअर मात्र तीन दिवस पडतोय, फलक हिरवागार — आमच्या बाजारात चढलं की लाल, पडलं की हिरवं.

मामा कोंबडीची तंगडी भातावर ठेवता ठेवता म्हणतो, "काय शेटजी, आज किती हिरवळ?" भाताचा डाव आपटून बाहेर पडलो. पाच मिनिटांनी परत आलो. डबे कोण पोचवणार?

पण मी स्वतः मोजलेत. चूक बाजाराची आहे!

१३ मार्च, बुधवार

आणखी खाली. मामाने आज न विचारता माझ्या ताटात दुसरी तंगडी वाढली. तेच जास्त लागलं.

१४ मार्च, गुरुवार

युन-शीला सगळं सांगून टाकलं. हसत सुटली, मग एकदम घाबरली. "किती घातलेस?"

"सगळे."

"अरे गाढवा! काम कुठे वाढलंय? वरच्या मजल्यांवरचे लोक डबे दुसरीकडून मागवायचे. मी एकेकाला गाठून तुमच्याकडे वळवलं."

"का पण?"

"तुझ्या गाडीत शंभरच मावतात ना? जास्त झाले की तुला दोनदा यावं लागतं."

उद्या बाजार उघडला की विकतो. तोटा तर तोटा! शनिवारी डबे नसतात. तरी ये म्हणाली.