पाठमोरी गोळाफेक

बाई, आज शाळेच्या मैदानावर मी एका मुलीला तुम्ही न शिकवलेल्या पद्धतीने गोळा फेकू दिला. हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे आठवलं ते नंतर. या एका गोष्टीसाठी माणूस शोधायला गेले, तर माझ्या ओळखीत अजूनही तुमच्याशिवाय कुणी नाही.

पहिल्या दिवशी मी गोळा तळहातावर लाडवासारखा धरला होता. तुम्ही तो बोटांच्या मुळांशी सरकवलात, हनुवटीखाली मानेत दाबलात. "तळहात स्वच्छ, मान मळकी. उलटं दिसलं तर घरी जायचं." सराव संपला की आम्हाला रांगेत उभं करून तुम्ही माना तपासायचात. घरी आई मोरीत बसवून तीच मान खसाखसा घासायची. "काय गो, मातीन लोलून येतंस?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मळवून यायचे. वडिलांचे खांदे मिठागरात काम करून रुंद झालेले, तेच माझ्याकडे आले होते आणि मला त्यांची लाज वाटायची. तुम्ही खांद्यावर हात ठेवून विचारलंत, "हे कुठून आणलेस गं? जपून वापर." त्या दिवशी मी पाठ ताठ करून घरी गेले.

ठाण्याच्या स्टेडियममध्ये मी पहिल्यांदा सिमेंटच्या वर्तुळात उतरले. आपलं शाळेचं वर्तुळ मातीवर फक्कीने आखलेलं. मातीत पाय सरकत नाही, म्हणून ग्लाइड करताना, म्हणजे फेकीआधी पाठमोरं सरकताना, मी सरकण्याऐवजी उडी मारायला शिकले होते. सिमेंटवर तीच उडी मारली आणि गोळ्यासकट खाली बसले. सगळे हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक माझी आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून डोंबिवलीला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव सुरू झाला. मी हातात काही न घेता, पाठ पुढे करून, एका पायावर मागे सरकते आहे, पुन्हा सरकते आहे. सेक्रेटरी काका जिन्यात थांबून बघताहेत.

"काय हो, ही मुलगी रोज उलटी का चालते? नवस आहे का?"

"नवसच आहे. तुमची स्कूटर जरा बाजूला घ्या."

मग वर तुमच्या स्वयंपाकघरात तव्यावरचं थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा. "खा. नुसत्या हाडांनी गोळा जात नाही." मी एकदा फिरून फेकण्याबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही उलथनं उगारलंत. "ती भिंगरी आहे. आपल्याकडे ग्लाइडच."

आता घरातली पहिली पदवी घेऊन मी आंबिवलीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तुमचंच शिकवते, तुमच्याच शब्दांत. पण ही मुलगी बुटकी आहे. ग्लाइडला लागते ती उंची तिच्याकडे नाही, पाय मात्र विजेसारखे. जिल्हा स्पर्धा तोंडावर आली आहे. यंदा निवड झाली नाही तर घरचे तिचा खेळ बंद करणार, हे तिनेच सांगितलं. आज ती हट्टाला पेटली.

"मॅडम, स्पिन ट्राय करू द्या ना. नाही जमलं तर परत तुमचं ते उलटंवालं."

"ते माझं नाही. माझ्या बाईंचं आहे."

"मग त्यांना विचारा ना. कुठे असतात त्या?"

मी गोळा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "फिर."

ती भेलकांडत वर्तुळाबाहेर गेली. पुन्हा गेली. मग एकदा पाय बरोबर पडला, आणि गोळा मी या मैदानावर कधी पाहिला नव्हता इतका लांब गेला. ती किंचाळत मैत्रिणींकडे धावली. मी त्या रिकाम्या वर्तुळाशी उभी राहिले. शेजारी कुणी नव्हतं. जिल्ह्याला ती फिरूनच फेकणार. मला त्यातलं फार कळत नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून तिच्यासोबत मीही शिकते आहे.

बाई, तुम्ही नाही म्हणून मी इतकी एकटी आहे. पण तुम्ही असता, तर आज मी तिला नाही म्हटलं असतं. हे तुमच्या तोंडावर मला कधीच सांगता आलं नसतं.