सुभेदारांची एक टक्का सूट

३ फेब्रुवारी, सोमवार

बँकेनं न्हाई म्हटलं! मिरची कांडायचं मशीन घ्यायला कर्ज मागितलं, विमान न्हाई मागितलं. उन्हाळा तोंडावर आलाय. निम्म्या आष्ट्याची चटणी माझ्या दारात कांडली असती.

काउंटरवरची सोनिया म्हणते, "काकी, तुमच्यावर आधीच घराचं कर्ज हाय. सांगलीत फ्लॅट हाय की तुमचा!" मी हसले. रांगेतली माणसंही हसली. माझ्याकडं धड छत्री न्हाई, आणि म्हणे फ्लॅट!

४ फेब्रुवारी

सुभेदारांना विचारलं. म्हणजे आमच्या नवऱ्याला — फौजेतनं रिटायर झाले, पण हुद्दा अजून अंगावरनं उतरला न्हाई. पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "अगं, साळूबाई मोहिते काय जगात एकच हाय का? दुसरी कोणतरी असंल. कम्प्युटरचा घोटाळा."

पटलं. चहा दिला. साखर घालायची राहिली, मागनं कळलं. एरवी साखर कमी पडली तर गल्ली गोळा करणारा माणूस — आज गुमान प्याला!

६ फेब्रुवारी

परत बँकेत. सोनियाला सांगितलं, ती साळूबाई दुसरी. तिनं सांगलीच्या शाखेतनं आलेले दोन कागद पुढं ठेवले. एक फ्लॅटच्या खरेदीचा, एक तो फ्लॅट बँकेला गहाण ठेवल्याचा. दोन्हींवर नावापुढं पॅन नंबर. शेजारी माझं कार्ड ठेवलं.

"काकी, नावं सारखी असतात. पॅन नंबर ज्याचा त्यालाच. एकाचा दुसऱ्याला देत न्हाईत. लावा बोट, बघा जुळतंय का."

लावलं. चौथी शिकलेय, पण एवढं कळतं. पहिल्यापासनं शेवटपर्यंत जुळलं. वर माझाच फोटो, माझी सही. आणि खाली सह्या ठोकलेले दुसरे कर्जदार कोण? सुभेदार! हप्ता त्यांच्या पेन्शनीतनं जातो म्हणे. म्हणून दोन वर्षं घरात "हात आखडून खर्च कर, हात आखडून खर्च कर" चाललंय.

आठवलं मग. मागं सांगलीला नेलं होतं. "पेन्शनीच्या वारसाचं काम हाय, दाखवतो तिथं सही कर." केली. अंगठा दिला. येताना भडंगाचा पुडा घेऊन दिला, न मागता! लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. तवाच ओळखायला पाहिजे होतं.

"पण माझ्याच नावावर का गं?"

"बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, काकी."

७ फेब्रुवारी

बाई ठेवली असंल. ठेवली तर ठेवली — पण माझ्या नावाच्या सवलतीत? इतका चिकट माणूस!

९ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं एकटी गेले. सांगली, विश्रामबाग, तिसरा मजला. पदर खोचला, बेल दाबली. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं.

दार उघडलं राजनंदिनीनं. माझ्या सुनेनं!

दोन वर्षं माझा शंभूराज फोनवर सांगतोय, "आई, भाड्याची एकच खोली हाय गं, तुला आणून ठेवू कुठं?" आत बघते तर दोन बेडरूम. झोपाळा. एका खोलीत व्यायामाची सायकल, तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला. सायकलीला खोली मिळाली. आईला न्हाई.

शंभूराज बाहेर आला, तोंड पांढरं. "आई, तुझ्याच नावावर घेतलाय की! तुझाच हाय."

"माझा हाय? मग मी सोडून सगळ्यांना कसं ठाऊक?"

सून म्हणाली, "आधी सांगितलं असतं, तर तुमी लगीच राहायला..." आणि थांबली. पाणी आणायला आत गेली. मी जिना उतरले.

बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

१० फेब्रुवारी

सुभेदार आज शहाणपण शिकवतात. "पोराच्या संसारात सासू नसली की शांतता राहते. आणि अगं, एका टक्क्यात केवढे पैसे वाचले!"

म्हटलं, "आवं, पैसे वाचवलेत खरे, पण मालकीण करून बसलाय."

पेपर उघडून तोंडापुढं धरला.

१४ फेब्रुवारी

शंभूराजला फोन केला. भाडं चालू कर, न्हाईतर गिऱ्हाईक बघते. "आई, असं गं काय परक्यासारखं!" म्हणाला. परकं कोणी केलं रं?

१० मार्च, सोमवार

भाडेकरार झाला. अकरा महिने. घरमालक मी, भाडेकरू शंभूराज मानसिंग मोहिते, साक्षीदार सुभेदार. कागद द्यायला फ्लॅटवर गेले. राजनंदिनी दार धरून म्हणाली, "आई, आत या की."

म्हटलं, "नको. भाडेकरूच्या घरात मी उगाच शिरत न्हाई."