चुन्याचा देव

बाबा, परवा मी तुमची जागा शोधायला अर्धापूरच्या आपल्या शेतात जाऊन आले. आपलं म्हणायची सवय जात नाही, पण ते आपलं कुठे राहिलंय. तुम्ही गेल्यावर शेत विकलं, आई माझ्याकडे नांदेडला राहायला आली आणि तुम्ही मात्र तिथंच कडुनिंबाजवळ राहिलात, चार दगडांखाली. आता तालुक्यातले निवृत्त फौजी विस्मरणात गेलेल्या सैनिकांच्या जागा हुडकून तिथं नावाचे दगड बसवतायत. त्यांच्यातले एक सुभेदार घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बांगलादेशच्या लढाईतला माणूस हाय ताई, बिननावाचा कसा ठिवायचा? जागा तेवढी दाखवा." मी हो म्हणाले खरं. पण ज्या कडुनिंबावरून जागा ओळखायची तो कधीच तोडलाय आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत केळीच केळी. जागा सापडली नाही तर तुमचं नाव कोरलेला दगड टेम्पोतून तसाच परत जाणार होता.

वाटेत मला तुमचा ब्रश आठवत होता. फौजेतून आलात ते गेरू आणि चुन्याचं वेड घेऊनच. विहिरीचा काठ, चिंचेचं खोड, अंगणातले दगड, सगळ्यांना खाली गेरू, वर चुना. एकदा आईनं पाटा धुऊन उन्हात ठेवला होता, तोही रंगवलात. आई स्वयंपाकघरातून येऊन कमरेवर हात ठेवून उभी आहे, "आता चटणी काय तुमच्या डोक्यावर वाटू?" आणि तुम्ही मान खाली घालून पाटा घासताय. लढाईत काय केलंत ते कधी सांगितलं नाहीत, आईला मात्र पुरते घाबरायचात. मला रागावलात ते एकदाच. मैत्रिणींबरोबर म्हसोबाच्या दगडापुढे हात जोडून आले होते तेव्हा. "दगडाला हात जोडायचे न्हाईत," तुम्ही म्हणालात, "दगडाला चुना मारायचा अन् पुढं व्हायचं." आपण बौद्ध का झालो, हे मग चिंचेखाली बसवून संध्याकाळपर्यंत समजावलंत.

केळीत शिरल्यावर मला दिशाच कळेना. सुभेदार मागून येत होते. शेवटी तण काढणारी एक बाई उठून उभी राहिली. "काय हुडकून राहिल्या?" इथं चार दगड होते, मी म्हणाले. "देवाचे व्हय? चला की." ती पुढे, आम्ही मागे. केळीच्या ओळीत मोकळी जागा सोडलेली आणि मध्ये चार दगड, खाली गेरू, वर चुना. त्यावर हळदकुंकू, लिंबू, वाळकी नारळाची शेंडी. "चुन्याचा देव म्हनतो आमी. लई कडक हाय. मालकबी इथं नांगर घालत न्हाई." रंग कोण देतं, मी विचारलं. "आधी एक म्हातारी यायची, पांढऱ्या लुगड्यातली. कुनाशी बोलायची न्हाई. चुना मारायची, घडीभर बसायची अन् जायची. म्हटलं, मोठी भक्तीण हाय. ती यायची बंद झाली, तवापासून मीच मारते, तिच्यावानी."

आई होती तोवर दरवर्षी मावशीकडे जाते म्हणून अर्धापूरची बस धरायची. परत आली की बोटांना चुना असायचा. मला वाटायचं, पानाचा. मी तिथंच मातीत बसले आणि खूप रडले.

सुभेदारांनी दगड बसवला, तुमचं नाव मोठ्यानं वाचलं, सलाम केला. मग त्या बाईला म्हणाले, "देव न्हाई हे, बाई. फौजी हायत, या ताईंचे वडील." तिचा चेहराच उतरला. लेकीच्या बाळंतपणासाठी ती तुम्हाला नवस बोलली होती. लेक सुखरूप बाळंत झाली होती आणि नारळ फोडायचा राहिला होता. तिनं मलाच विचारलं, "मग आता मी कुठं फोडू?" बाबा, तुमचं सगळं बोलणं मला पाठ आहे, ते ओठावर आलंही होतं. पण तिच्या नखांत चुना होता, आईच्या असायचा तसाच. "इथंच फोडा," मी म्हणाले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्या ब्रशाच्या डब्यात ठेवून देते. एक सांगायचं राहिलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खाल्ला.