आधीचं नाव

ठाकुर्ली, रविवार

प्रिय अंतरा,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, की नीलाचं स्पेलिंग एका आयने करू की दोन ईंनी? आणि मी कुकर झालाय म्हणून फोन ठेवून दिला. कुकर लावलेलाच नव्हता, बाई. तुझा पेपर छापायला जायचाय, त्याआधी त्या नव्या जातीच्या भुंगेऱ्याचं नाव पक्कं व्हायला हवं, आणि एकदा छापलं की ते कायमचं, हे सगळं मला ठाऊक आहे. म्हणून तर पत्र लिहायला बसले. फोनवर तू मध्येच किंचाळतेस आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं. आता बस वाचत, थांबवून दाखव मला.

इकडे तुझा भुंगेरा पार घरचा होऊन बसलाय. बाबा सकाळी फिरायला गेले की भेटेल त्याला थांबवून सांगतात, आमच्या मिसेसच्या नावाचा किडा निघालाय म्हणून. खालच्या रसिकाने घाबरून विचारलं, काकू, चावतो का हो? पेढेसुद्धा वाटून झाले. आणि वर बाबांचा तोरा काय, तर नीला हे नाव मीच ठेवलेलं, म्हणजे किड्याचं बारसंही माझ्याच हातचं! पकडला मी, ओळखला तू, आणि बारसं यांचं. घ्या!

तो सापडला ती सकाळ आठवली की मला अजून हसू येतं. सोसायटीतला वाळलेला शिरीष तोडला आणि ओंडके पंपाच्या खोलीमागे रचून ठेवले. रोज त्यांच्याखाली ताजा भुसा पडायला लागला. सगळे म्हणाले वाळवी. मी म्हटलं वाळवी कसली, हा भिरूड. आमच्या कोकणातल्या आंब्यांना हाच लागायचा. खोडाला भोक दिसलं की माझे अण्णा त्यात तार घालून अळी ओढून काढायचे आणि रॉकेलचा बोळा कोंबायचे. बाटली धरायला मी. तर त्या ओंडक्यातून एके दिवशी हे महाराज बाहेर आले. बोटाच्या दोन पेरांएवढं अंग, आणि मिशा त्याच्या दुप्पट! उचलला तर कुर्र कुर्र करून माझ्यावरच रागावला. तपकिरी पाठीवर दोन पिवळे ठिपके, हळदीची बोटं उमटल्यासारखे. असला भिरूड मी कधी पाहिला नव्हता, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि तुला फोटो पाठवला. आई कशी आहेस वगैरे काही नाही, मिशा मोडल्या नाहीत ना, हा तुझा पहिला प्रश्न! दुसऱ्या दिवशी बंगळूरहून दारात हजर. एरवी गणपतीला ये म्हटलं तर रजा नसते. अण्णांनी जन्मभर ज्यांना तारेने टोचलं, त्यांच्याच घराण्यातल्या एकाला आता त्यांच्या लेकीचं नाव लागणार. वर बसून हसत असतील.

गेल्या दिवाळीत मी चकल्या तळत होते आणि तू माझं डोकं खात होतीस, आठवतंय? एकाच किड्याला दोघांनी दोन वेगवेगळी नावं दिली, तर कोणतं खरं धरायचं? तू म्हणालीस, आधीचं. नंतरचं कितीही छान असो, त्या नावाने कितीही वर्षं ओळखत असोत, आधीचं सापडलं की नंतरचं मागे पडतं. आणि नाव बाईचं असेल तर त्याच्या शेपटीला ए लावायचा, हेही तूच सांगितलंस. त्या घाण्यातल्या सगळ्या चकल्या करपल्या. तू मला वय झालं म्हणून चिडवलंस. वय नाही गं, माझं लक्षच उडालं होतं.

मला माहेरी शेवंती म्हणायचे, हे तू लहानपणी कोकणातल्या आजीच्या तोंडून ऐकलंयस, पण तुला ते लाडाचं नाव वाटलं असणार. लाडाचं नव्हे, तेच नाव. मी झाले त्या दिवशी अण्णा बाजारात गेले होते. तिसरीही मुलगीच झाली म्हणून शेजारणी हळहळत बसल्या होत्या, आणि अण्णा आले ते आईसाठी शेवंतीची वेणी घेऊन. आमच्या घरात तोवर कोणी बायकोसाठी फूल विकत आणलं नव्हतं. आई म्हणाली, हिचं नाव ठरलं. मग कल्याणला लग्न झालं. तुझ्या आजीला, म्हणजे सासूबाईंना, शेवंती फार गावंढळ वाटायचं. बाबांपुढे तांदळाचं ताट आलं, त्यांनी अंगठीने त्यात काहीतरी लिहिलं. मी शेजारी मान खाली घालून बसलेली, मुंडावळ्यांमधून मला काही धड दिसेना. तुझ्या आत्याने मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं, मी आता नीला. पुढे कितीतरी दिवस सासूबाईंनी नीला म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून! आणि गंमत ऐक. ज्यांनी हे नाव हौसेने ठेवलं, त्यांनी मला एकदाही त्या नावाने बोलावलं नाही. आधी अगं, मग ऐकलंस का, आणि तू झाल्यावर अंतराची आई.

नीलाबद्दल माझी काही तक्रार नाही हो. रेशनकार्डावर ती, तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही तिची. चांगली बाई आहे, निभावून नेलं तिने सगळं. पण अण्णा, दोघी ताया, शेवटी आई गेली आणि शेवंती म्हणणारं कोणी उरलं नाही. मला त्या नावाची फार आठवण येते, अंतरा. माणसाची यावी तशी येते.

आता भीती होती ती बाबांची. इतके पेढे वाटलेत, त्यांना वाईट वाटेल, म्हणून आठवडाभर गप्प बसले. आज सकाळी चहाला सांगून टाकलं, तुझ्या त्या नियमासकट. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. मी मनात म्हटलं, झालं, रुसले. आत डब्याचा आवाज आला. मग बाथरूममध्ये साबण लावून बराच वेळ काहीतरी खटपट चालली होती. शेवटी बाहेर आले ते हातात तांदळाचं ताट घेऊन. अंगठी काही निघाली नव्हती, बोट मात्र लालबुंद! मग नुसत्या बोटानेच तांदळात लिहिलं, शेवंती. आणि ताट फिरवून माझ्यापुढे ठेवलं, मला सरळ वाचता येईल असं. म्हणाले, तेव्हा तुला विचारायला हवं होतं, पण तेव्हा कोणी विचारायचं नाही गं. मी हसले, रडले, आणि त्याच तांदळाचा भात लावला. आता कुकर खरोखरच झालाय.

तर हे पत्र एवढ्यासाठीच. स्पेलिंग नीलाचं नको, शेवंतीचं कर, एका आयने की दोन ईंनी ते तू बघ. त्याच्या पाठीवरचे ठिपके तरी कुठे निळे आहेत? आणि तुझा तो शेपटीचा ए विसरू नकोस. काल मी एकटीच गॅलरीत बसून ते नाव म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला. संध्याकाळी आई खळ्यात उभी राहून व्हाळाच्या पाण्यापलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारायची, शेवंती, एऽऽ! तुझ्या पुस्तकांत आता जगभरची माणसं मला तशीच हाक मारणार. मी ओ देईन.

तुझीच आई,
शेवंती