केदारवाली आणि बद्रीवाली

४ मे १९६५
आज अक्षय्य तृतीया, आमची आखाजी! तिकडे हिमालयात देवळांची दारं उघडायचे दिवस आले की इकडे आमचं भांडण सुरू. माणिकबाई चौकात फुलं विकून थेट माझ्या ओट्यावर. 'मास्तरीण, कबूल कर. केदारच!'

आठ वर्षं झाली दोघींनी ती वाट पायी तुडवून. तिचं केदार — चढ संपता संपता धुकं फाटलं, अन् देवळामागं बर्फाची भिंतच उभी! माझी बद्री — पहाटे नीलकंठ शिखराच्या शेंड्यावर ऊन आलं. आधी गुलाबी, मग केशरी, मग लख्ख पांढरं. माणिकबाई शेजारीच होती, डोक्यावरून घोंगडं घेऊन.

'तुह्या बद्रीत नुस्ता बजार वं!'
'तुझ्या केदारात धुकं अन् दातखिळी!'

पोट दुखेस्तोवर हसलो. काय दिवस होते ते! एका घोंगड्यात दोघी, ओले पाय, वाटेतल्या मुक्कामाच्या चट्टीवरचा गुळाचा चहा. तेव्हापासून ती मला अगंतुगं करते.

११ मे
गजऱ्यात वाळकी फुलं. माणिकबाईच्या हातून!

२ जून
वलगावहून तिचा दीर डोमाजी आला होता. माणिकबाईला काचबिंदू. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, उरलेलीही जाईल. 'वैनीनं तुमाले सांगू नोको म्हनलं.'

५ जून
माणिकबाई भिंत चाचपत आली. बसल्याबसल्या, 'बोल, केदार का बद्री?'
मी म्हटलं, 'केदारच गं. जिंकलीस तू.'
वाटलं, खूश होईल. कुठलं काय! टोपली उचलली. 'डोये माहे गेले, तुही जीभ काहून गेली वं?' — अन् चालती झाली.

२१ जून
ओटा सुना. माणिकबाई दिराकडे वलगावला राहायला गेली म्हणे. कीव करायला गेले मी, मूर्ख! आता भांडू कोणाशी?

२७ जून
राहवेना. वलगाव गाठलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. दारातूनच ओरडले, 'काय ठेवलंय गं तुझ्या केदारात? दगड!'
'आली का बजारवाली!' आणि हसली. मला रडूच आलं.

२३ एप्रिल १९६६
आखाजी. आता तिला काहीच दिसत नाही. भांडता भांडता मध्येच थांबली. 'मास्तरीण, केदार मले अजून दिसते. तुही बद्री सांग बरं एक डाव. त्या पहाटी घोंगड्यात मी झोपली व्हती वं. तो गुलाबी शेंडा म्या पाह्यलाच न्हाई.'